कुमुदची यादी

"कावळा शिवला होता ना, गुरुजी? मग ती अजून का मागतेय?"

वैशंपायन ओसरीची पायरीही चढले नव्हते, तेवढ्यात त्यांनी हे विचारलं. नमस्कार नाही, रामराम नाही.

भाऊजी दर्भ निवडत बसले होते. त्यांनी मान वर केली, माणूस ओळखला आणि पुन्हा दर्भ निवडायला लागले.

"बसा," म्हणाले.

वैशंपायन बसले नाहीत.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत होते. मघाशी गाडी थांबली तेव्हाही मी तिथेच होते. हे गृहस्थ उतरले, वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले, तिकडचं दार उघडलं आणि धरून उभे राहिले. कोणी म्हातारं माणूस सावकाश उतरत असलं की आपण थांबतो, तेवढा वेळ थांबले. मग दार लावलं. गाडीत कोणी नव्हतं. दुपारचे चार वाजले होते, लख्ख ऊन होतं, तरी माझ्या अंगावर काटा आला.

भाऊजी म्हणजे त्र्यंबकभट, माझे थोरले दीर. वय ब्याऐंशी. आम्ही किरवंत, म्हणजे मर्तिकाची कामं करणारे ब्राह्मण. कृष्णेच्या या घाटावर दहावा आमच्याशिवाय होत नाही, आणि तेरावा उरकला की तीच माणसं आम्हांला बाजारात ओळख दाखवत नाहीत. चालायचंच. मी वेणू. पिंडाचा भात मी शिजवते.

असं असूनही भाऊजींना काही ना काही विचारायला लोक गाड्या घेऊन येतात, याचं मला अजून नवल वाटतं. उपदेश करायची त्यांना सवयच नाही. समोरचा फार बोलायला लागला तर ते उठून दुसऱ्या खांबाला टेकून बसतात.

वैशंपायनांना मात्र मी विसरणं शक्य नव्हतं.

चौदा महिन्यांपूर्वी त्यांच्या बायकोचा, कुमुदताईंचा, दहावा या घाटावर झाला. माहेर इथलं होतं बाईंचं. हे पाटबंधारे खात्यातले मोठे अभियंते. निवृत्त झाल्यावर पुण्यात ज्येष्ठ नागरिकांचा वर्ग चालवायचे, रोज संध्याकाळी पाच ते सात. विषय वैराग्य. त्या दिवशी विधी चालू असताना त्यांनी भाऊजींचे उच्चार दोनदा दुरुस्त केले. भाऊजींनी मुकाट्याने ऐकून घेतलं. भाऊजींच्या जागी मी असते तर पळी त्या गृहस्थांच्याच हातात दिली असती.

पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना.

पलीकडच्या निंबावर कावळे भरपूर होते. एक खाली यायला तयार नाही. मुलगा परदेशातून आला होता, त्याने हात जोडून सांगितलं, आई, बाबांना मी सांभाळीन. सुनेने सांगितलं, तुमचे दागिने मोडणार नाही. बाईंची बहीण रडत रडत काय काय कबूल करून बसली. कावळे जागचे हलले नाहीत. ऊन डोक्यावर आलं. शेवटी भाऊजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा आला नाही की तसा करून पिंडाला लावतात, त्यात काही कमीपणा नसतो.

वैशंपायन म्हणाले, खोटा कावळा नको.

मग त्यांनी खिशातून बाईंचा फोन काढला. त्यात वस्तू विकत घ्यायचं दुकान असतं, ते हल्ली सगळ्यांनाच माहीत आहे. आवडलेल्या वस्तूवर बदाम दाबला की ती एका यादीत जाऊन बसते. कुमुदताईंच्या यादीत त्रेचाळीस वस्तू होत्या. एकही घेतलेली नव्हती.

"हीच ती वासना," वैशंपायन आम्हां सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आयुष्यभर सांगत होतो मी तिला."

पिंडासमोर उभं राहून त्यांनी ती सगळी यादी मोठ्याने वाचली, शाळेत हजेरी घेतात तशी. दोघांपुरता कुकर, काचेच्या झाकणाचा. चॉकलेटी शालींची जोडी. दोन माणसांचा झोपाळा. दोन कपांची किटली. शेवटी म्हणाले, यातलं सगळं घेईन, कुमुद, एकही सोडणार नाही.

त्यानंतर कावळा आला. शिवला. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि पंधरा मिनिटांत घाट रिकामा झाला.

नक्की काय झालं ते मी पाहिलं होतं. पण मला कोण विचारतंय?

आता ओसरीवर उभं राहून वैशंपायनांनी पुढची हकिकत सांगितली. आवाज व्याख्यानाचाच होता, फक्त मधूनमधून अडकत होता.

दिलेल्या शब्दाप्रमाणे त्यांनी खरेदी सुरू केली. वस्तू यायची, ते ती फोटोसमोर ठेवायचे, नाव घेऊन सांगायचे, ही आली. झोपाळा आला, दिवाणखान्यात टांगला. माघात त्रेचाळिसावी वस्तू आली. त्या दिवशी त्यांनी फोन पुसला, कुमुदताईंच्या कपाटात साड्यांवर ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. किल्ली जानव्याला.

चार दिवसांनी सहज उघडून पाहिलं, तर यादीत एक वस्तू होती.

"मी ती घातलेली नाही, गुरुजी. शपथेवर सांगतो."

भाऊजींनी मान हलवली. खोटं बोलताय असं ते म्हणाले नाहीत.

मग ती घेतली. दुसऱ्या आठवड्यात दोन आल्या. मग रोज. एक आणली की दुसरी हजर. मुलगा फोनवरून म्हणतो, डॉक्टरला दाखवा. वर्ग बंद पडला. खोक्यांनी दोन्ही खोल्या भरल्या, मग जिना, मग न्हाणीघराचा बोळ. खोकी उघडायचंही त्यांनी सोडून दिलं होतं. झोपाळ्यावर खोकी, पलंगावर खोकी. हा माणूस सहा महिने सज्जात सतरंजी टाकून झोपत होता. वैराग्य शिकवणारा माणूस! हसावं की रडावं मला कळेना. शेवटी वाईटच वाटलं, कारण त्यांच्या सदऱ्याची कॉलर उलटी होती आणि ती सांगणारं घरात कोणी नव्हतं.

"आणि आज सकाळी हे," ते म्हणाले.

त्यांनी फोन पुढे केला. भाऊजींना चष्म्याशिवाय बारीक दिसत नाही, म्हणून मी बाहेर जाऊन पाहिला. यादीत एकच चौकोन होता. चित्र नाही, नाव नाही, नुसता राखाडी. खाली लिहिलं होतं, सध्या उपलब्ध नाही.

मी वाचून दाखवलं.

"काय मागतेय ती?" वैशंपायनांनी विचारलं. "काय आहे हे? मला मिळत नाहीये. मी शब्द दिलाय. हे राहिलं तर ती सुटायची नाही. वर्ष उलटून गेलं, गुरुजी... ती कुठे अडकलीय?"

एवढा गर्विष्ठ माणूस, पण हे विचारताना व्याख्यानाचा आवाज उरला नव्हता. खरंच घाबरले होते ते. स्वतःसाठी नाही, तिच्यासाठी.

भाऊजींनी दर्भाची जुडी बांधली.

"बसा," पुन्हा म्हणाले.

या खेपेला वैशंपायन बसले. बसताना त्यांनी डाव्या हाताला थोडी जागा ठेवली.

भाऊजींनी विचारलं, माघानंतर यादीत काय काय आलं ते सांगा. आठवेल तेवढं.

वैशंपायन सांगायला लागले. हातात धरायची काठी, चार पायांची. गुडघ्याचा पट्टा. एका माणसाचा कुकर. एका कपाचा चहा होणारं भांडं. पाठीला आपल्या आपण तेल लावता येईल असा लांब दांड्याचा ब्रश. पडलेली वस्तू न वाकता उचलायचा चिमटा. दाराला लावायची घंटा, बाहेरून कोणी न वाजवता ठरल्या वेळी वाजणारी...

ते बोलत होते आणि माझं लक्ष त्यांच्या उजव्या हाताकडे गेलं.

हात गुडघ्यावर होता. बोटं स्वस्थ. पण अंगठा मधूनच उचलला जायचा आणि धोतरावर एका जागी टेकायचा. थोडं थांबून पुन्हा. तोंडाने बोलणं चालूच, नजर भाऊजींवर, आणि अंगठा आपलं काम करतोय. त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. गोठ्यात गुरं झोपेतही रवंथ करतात, तसं चाललं होतं ते.

मी भाऊजींकडे पाहिलं. चष्मा नसूनही त्यांना दिसलं होतं. त्यांनी मला डोळ्याने गप्प राहायला सांगितलं.

"पहिल्या यादीत काय होतं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं ना. झोपाळा... किटली..."

"किती माणसांची?"

"दोन."

"आणि आता?"

वैशंपायन थांबले. अंगठा थांबला नाही.

भाऊजी उठले. त्यांना गुडघ्यांमुळे पटकन उठता येत नाही, पण त्या दिवशी उठले. वैशंपायनांसमोर येऊन बसले आणि त्यांचा अंगठा आपल्या मुठीत धरला.

मुठीतही तो हलत होता. भाऊजींची मूठ किंचित वरखाली होताना मी पाहिली. किती वेळ ते सांगता यायचं नाही. घाटावरून आवाज नाही, वाऱ्याने पान हललं नाही.

वैशंपायनांनी खाली पाहिलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हा कोणाचा?" भाऊजींनी विचारलं.

वैशंपायन मुठीकडे पाहत होते.

"कोणाचा?"

"माझा."

मग अंगठा थांबला.

वैशंपायन म्हणाले, "मला माहीत नव्हतं. देवाशप्पथ माहीत नव्हतं. मग ती... ती मागत नव्हती?"

भाऊजींनी माझ्याकडे वळून विचारलं, "वेणू, दहाव्याला तू काय पाहिलंस?"

चौदा महिने जे पोटात होतं ते मी सांगितलं. हे उभं राहून यादी वाचत होते तेव्हा कावळा हलला नाही. सगळं घेईन म्हणाले तेव्हाही नाही. मग उन्हाने म्हणा, थकल्याने म्हणा, यांचे पाय गेले आणि हे पिंडाशेजारच्या पायरीवर मटकन बसले. फोन बाजूला ठेवला. काही बोलले नाहीत, नुसते बसून राहिले. तेव्हा कावळा निंबावरून उतरला.

वैशंपायन माझ्याकडे पाहतच राहिले.

"जरा बसा ना," ते म्हणाले.

आधी मला वाटलं मलाच सांगतायत.

"असं म्हणायची ती. रोज पाचच्या सुमाराला. मी वर्गाला निघायचो, पायात चपला असायच्या. म्हणायची, जरा बसा ना. मी म्हणायचो, लोक खोळंबलेत. मग ती फोन घेऊन बसायची..."

सत्तरीचा माणूस तोंडावर उपरणं धरून रडला. मलाही राहवलं नाही. मी डोळे पुसले. त्या बाईने काही मागितलं नव्हतं. तिची संध्याकाळ जात नव्हती, म्हणून ती वस्तू बघत होती, आणि बघितलेली प्रत्येक वस्तू दोघांची होती.

"म्हणजे ती गेली," वैशंपायनांनी उपरण्याआडून विचारलं.

"त्याच दिवशी. पावणेबाराला."

"मग अडकलंय कोण?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. मला म्हणाले, "भात टाक."

मी म्हटलं, आज कोणाचा दहावा नाही.

"यांचा पिंड करायचाय."

संन्यास घेणारा माणूस स्वतःचा पिंड स्वतः घालतो, हे ऐकून होते. पण धडधाकट माणूस ओसरीवर बसलाय आणि आत आपण त्याच्या पिंडाचे तांदूळ धुतोय, असं चाळीस वर्षांत झालं नव्हतं. तांदूळ धुताना पाणी फार गार लागलं. मी देवाचं नाव घेत होते.

भाऊजींनी पिंड वळला. केळीच्या पानावर ठेवला, वर काळे तीळ टाकले. पान घाटाच्या कठड्यावर मांडलं आणि वैशंपायनांना त्याच्यासमोर बसवलं.

"काय राहिलंय ते सांगा," म्हणाले. "शिवला तर सुटलात."

कावळे आले. निंबावरून नव्हे, नदीपलीकडून आले आणि कठड्यावर ओळीने बसले. वीस तरी असतील. कावळा गप्प बसलेला कधी पाहिलाय कोणी? हे गप्प होते. आणि भाताकडे एकाचंही तोंड नव्हतं. सगळे वैशंपायनांकडे पाहत होते.

वैशंपायनांनी हात जोडले. सवयीने आधी मोक्षाचं काही बोलायला गेले. दोन वाक्यांतच थांबले.

मग म्हणाले, घरातली सगळी खोकी वाटून टाकीन, एक काडी ठेवणार नाही.

कावळे हलले नाहीत.

फोन नदीत टाकतो म्हणाले. मुलाकडे राहायला जातो म्हणाले. वर्गात उभं राहून सगळ्यांसमोर चूक सांगतो म्हणाले. एकेक कबूल करायचे आणि कावळ्यांकडे पाहायचे. परीक्षेचा निकाल पाहायला आलेल्या पोरासारखी त्यांची नजर झाली होती. कावळे तसेच.

"हे सगळं देणं झालं," भाऊजी म्हणाले. "हवंय काय?"

वैशंपायनांनी जोडलेले हात सोडले. ऊन कठड्यावरून उतरलं.

"कुमुद," ते म्हणाले. "कुमुद हवी."

एक कावळा पुढे आला. उड्या मारत नाही, चालत आला. पानाजवळ थांबला. मान वाकडी करून आधी भाताकडे पाहिलं, मग वैशंपायनांकडे. चोच उघडली. हा शिवला तर पुढे काय, जिवंत माणसाचा पिंड शिवला तर तो माणूस गाडीत बसून घरी जातो की नाही, हे मला ठाऊक नव्हतं. मनातल्या मनात मी म्हणत होते, नको बाबा, जा.

त्याने चोच मिटली.

आणि सगळे एकदम उडाले. काव नाही, काही नाही. नदीवरून पलीकडे गेले आणि दिसेनासे झाले.

"शिवला नाही," वैशंपायन म्हणाले. इतक्या हळू म्हणाले की मला ओठांवरून कळलं. "मग मी सुटलो नाही."

"नाही."

"ती परत यायची नाही आणि इच्छा जायची नाही."

"नाही."

"मग हे घेऊन मी करू काय, गुरुजी?"

भाऊजींनी कठड्यावरचं पान दोन्ही हातांनी उचललं. ओसरीवर आणलं. वैशंपायनांच्या पुढ्यात, खाली जमिनीवर ठेवलं. वरचे तीळ बोटाने एकेक करून बाजूला काढले. मग मला हाक मारून म्हणाले, मीठ आण, आणि ताक असेल तर ताक.

पिंडाच्या भाताला मीठ लागत नाही. या ओसरीवर चाळीस वर्षांत मिठाची वाटी कधी आली नव्हती. मी काही न विचारता आणली. भाऊजींनी पिंड मोडला. मीठ घातलं, ताक ओतलं, आणि आपल्या हाताने कालवायला लागले.

वैशंपायन मागे सरकले. "गुरुजी, हा पिंड आहे. माझा पिंड आहे हा."

भाऊजींनी पान त्यांच्याकडे सरकवलं.

"मीठ घातलंय," म्हणाले. "जेवा आता."